चिलीम ओढणाऱ्या वाघाचं धुपाटणं

“...पण सुनिम, तुमचं एक तरी झाकण घट्ट का बसत नाही?”

मुगोक सुनिम चुलीपाशी बसून उकडलेलं रताळं सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हात म्हातारे झाले, मानदोक.”

“म्हणजे पूर्वी बसायचं?”

“पूर्वीही नाही बसायचं.”

“मग?”

“तेव्हा हात तरुण होते.”

मानदोकने कपाळाला हात लावला.

कोरियातल्या एका डोंगरावरची ही गोष्ट. तिकडे भिक्षूंना आदरानं सुनिम म्हणतात. मुगोक सुनिमांचा मठ एवढासाच, पण त्यांच्या भट्टीचं नाव खाली खाडीकाठच्या गावांपर्यंत गेलेलं. त्या भट्टीत मातीची धुपाटणी भाजली जात. साधीसुधी नव्हेत, गोष्टींतली. चंद्रावर बसून तांदूळ कांडणारा ससा. वाटसरूला अडवून ‘चल, कुस्ती खेळू’ म्हणणारं दोक्केबी नावाचं खोडकर भूत. आणि सगळ्यांत जास्त मागणी वाघाला... तोंडात लांब दांड्याची चिलीम धरलेल्या वाघाला.

आपल्याकडे गोष्ट आटपाट नगरात सुरू होते. तिकडच्या आज्या म्हणतात, ‘वाघ चिलीम ओढायचे ना, तेव्हाची गोष्ट...’ आणि पोरं सरसावून बसतात. तर त्या वाघाच्या पोटात राख घालायची, राखेवर निखारा, निखाऱ्यावर सुगंधी लाकडाची चिमूट. वर वाघाचं मुंडकं झाकण म्हणून ठेवलं, की धूर चिलमीतून बाहेर.

निदान तसा यायला हवा. सुनिमांच्या वाघांचा धूर चिलमीतून थोडा यायचा आणि मानेतून, कानांतून, जबड्यातून जास्त. दिसायलाही ते वाघ कमी आणि शेजाऱ्याच्या मासळीवर पोसलेले बोके जास्त वाटायचे. लोक ते हसत हसत घरी नेत.

सुनिमांचा शिष्य मानदोक, त्याला त्या हसण्याची लाज वाटायची.

त्याच्या हातात कला होती, हे शत्रूनंही कबूल केलं असतं. अडचण एवढीच, की शत्रूला तशी संधी मिळण्याआधी मानदोक स्वतःच ते सांगून मोकळा व्हायचा. गुरूंबद्दल त्याला प्रेम होतं. पण झाकणांच्या बाबतीत गुरूंचं काही खरं नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

त्या भट्टीची एक रीत होती. शिष्य तयार झाला, की गुरू आपल्या भट्टीतले निखारे लोखंडी मडक्यात घालून त्याला देत. त्या निखाऱ्यांनी शिष्याची भट्टी पहिल्यांदा पेटायची. ते मिळाले नाहीत, तर भट्टी पेटवायची नाही.

मानदोकच्या वडिलांची भट्टी खाडीकाठी विझून पडली होती. वडील गेले आणि तिनं कोळिष्टकं धरली. आई मात्र दर हिवाळ्याआधी तिच्या तोंडाशी पाइनच्या लाकडांचं सरपण रचून ठेवायची. या वर्षी येईल पोरगा निखारे घेऊन, म्हणून. ते सरपण मानदोकला रोज आठवायचं. गर्विष्ठ होता तो, पण आईसाठी झुरणारा गर्विष्ठ होता.

म्हणून त्यानं आज विचारायचं ते विचारलंच.

“सुनिम, निखारे कधी?”

सुनिमांनी रताळ्याचे दोन तुकडे केले. मोठा त्याला दिला.

“गरम आहे. फुंकून खा.”

तेवढ्यात दारात ओकबुन आजी उभी राहिली. खालच्या गावात मासळी सुकवून विकणारी, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. चढ चढून आली होती, तरी धाप लागायच्या आत तिनं बोलायला सुरुवात केली.

“सुनिम, आमच्या म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध आलं. धुपाटणं हवंय.”

श्राद्धाला धूप जाळला, की गेलेलं माणूस त्या धुराच्या वाटेनं घरी येतं, असं तिकडे मानतात.

“साध्या धुपाटण्याला तो यायचा नाही,” आजी म्हणाली. “हट्टी होता. वाघ हवा. जन्मभर गावातल्या पोरांना वाघाच्याच गोष्टी सांगितल्या त्यानं. आता वाघानं बोलावलं तरच येईल.”

सुनिमांनी मानदोककडे पाहिलं.

“तू कर.”

“मी?”

“तुझ्या मनातला वाघ आजींच्या मनात भरला, की निखारे घे आणि जा.”

मानदोकला आकाश ठेंगणं झालं. हातातलं रताळं तसंच राहिलं.

“आजींना काही विचारायचंय?” सुनिमांनी विचारलं.

“काय विचारायचं? वाघ मला चांगला ठाऊक आहे.”

“बरं,” सुनिम म्हणाले आणि त्याच्या हातातलं रताळं काढून घेऊन त्यांनी ते आजीला दिलं.

मानदोक कामाला लागला. माती अशी गाळली, की आईनं बाळासाठी पेजही तशी गाळली नसती. अंगावरचा एकेक पट्टा कोरला. छाती पुढे, मान ताठ, नजर समोर. चिलीमसुद्धा अशी धरलेली, की जणू राजानं हातात दिली आहे.

आणि झाकण! वाळूचं बारीक पाणी लावून तो मुंडकं मानेवर घासत बसला... घासतच बसला. शेवटी दोहोंमध्ये केससुद्धा जाईना.

सुनिम येऊन बघून गेले.

“यात पाणी भरलंस तरी गळणार नाही.”

“थेंबभरसुद्धा नाही!” मानदोक म्हणाला.

“हं,” सुनिम म्हणाले.

वाघ भट्टीतून निघाला तो अगदी मनासारखा. कुठे तडा नाही, कुठे डाग नाही. मानदोकने आजीला निरोप धाडला. ती आली, तिनं वाघाला नमस्कारच केला. आता याहून मोठी पावती कोणती, असं वाटून मानदोकने तिच्यासमोरच राखेवर निखारा ठेवला, लाकडाची चिमूट सोडली आणि झाकण लावलं.

धुराची एक बारीक, सरळ रेघ चिलमीतून निघाली.

मानदोकने सुनिमांकडे पाहिलं. बघितलंत?

रेघ आणखी बारीक झाली... थरथरली... आणि संपली.

सगळे थांबले. वाघही थांबला.

झाकण काढलं, तर आत निखारा काळा ठिक्कर. दुसरा ठेवला. पुन्हा रेघ आणि पुन्हा काळोख. तिसऱ्याच्या वेळी तर रेघही आली नाही, आणि मानदोकच्या वाघाची पुरती शेळी झाली.

“देखणा आहे हो,” आजी हळूच म्हणाली. “पण...”

“पण काय, आजी?”

“हा कुणी मोठा न्यायाधीश वाटतो रे. आमचा म्हातारा याच्यासमोर येईल कशाला? दाराबाहेरूनच परत जाईल.”

श्राद्धाच्या आदल्या दिवशी पुन्हा येते, असं सांगून ती डोंगर उतरली.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं, असं आपण म्हणतो. मानदोकच्या हाती खरोखरच धुपाटणं राहिलं होतं, आणि तेही न जळणारं. तो ते मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. राग कुणावर काढावा, तेही त्याला कळेना.

“सुनिम... कुठे चुकलं?”

सुनिम त्याच्यासमोर येऊन उकिडवे बसले.

“श्वास सोड.”

मानदोकने सोडला. लगेच सुनिमांनी त्याचं नाक चिमटीत धरलं आणि दुसरा तळवा त्याच्या तोंडावर दाबला.

“आणखी सोड.”

मानदोकने डोळे मोठे केले.

“सोड, सोड. आणखी...”

मानदोक लाल झाला. मग जांभळा झाला. शेवटी गुरुभक्ती बाजूला ठेवून त्यानं सुनिमांचे दोन्ही हात झिडकारले आणि एवढा मोठा श्वास घेतला, की अंगणातली चिमणी उडाली.

“आता काय केलंस?” सुनिमांनी विचारलं.

“श्वास घेतला!”

“मी तर सोड म्हणालो होतो.”

मानदोक काही बोलणार होता. पण त्याची नजर मांडीवरच्या वाघाकडे गेली. ताठ मान, केसही जाणार नाही असं झाकण, आणि हवा आत घ्यायला कुठे काही नाही... त्याचं तोंड उघडंच राहिलं.

सुनिम उठले आणि रांजणापाशी जाऊन हात धुऊ लागले.

“नाक फार तेलकट आहे तुझं,” ते म्हणाले.

मानदोकने दुसरा वाघ करायला घेतला. आता कोणालाही वाटेल, की पोरगा धडा शिकला. शिकला, पण आपल्यापुरता. शेपटीच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं एक नाजूक भोक पाडलं. हवा आत जायची ती तिथून. बाकी मुंडकं पुन्हा मानेवर घासून घासून असं बसवलं, की धूर आला तर चिलमीतूनच यावा. सुंभ जळला होता, पीळ तसाच होता.

भट्टी पेटली. नेमका त्या दिवशी वारा फिरला. ज्वाला एकाच बाजूनं चढली.

भट्टी निवल्यावर मानदोकने हात घालून वाघ बाहेर काढला, आणि तो मटकन खाली बसला. वाघ एका कुशीवर कलला होता. मुंडकं वाकडं झालं होतं, जबड्यापाशी फट पडली होती, डावा कान मुळाशी उकलला होता. ताठ नजरेचं तर काय झालं होतं कोण जाणे. पोटभर जेवून, कुणाचीतरी चेष्टा करून आता डुलकी घ्यावी, असा भाव त्या तोंडावर आला होता.

मानदोक रडला. अगदी नाक ओढून ओढून रडला.

तिसरा वाघ करायला वेळच नव्हता. घडवायचा, वाळवायचा, भाजायचा... तोवर श्राद्ध होऊन जायचं.

“सुनिम, तुमच्या वाघांतला एक द्या आजींना.”

“माझे संपले.”

“ते काय, फळीवर आहेत की!”

सुनिमांनी फळीकडे निरखून पाहिलं.

“ती मांजरं आहेत,” ते म्हणाले.

आजी ठरल्याप्रमाणे आली. येताना सुकवलेली पर्सिमनची फळं घेऊन आली, त्यांतलं एक सुनिमांनी लगेच तोंडात टाकलं. मानदोक वाघ पाठीमागे लपवून उभा होता. कसं सांगावं, याची त्यानं मनात उजळणी केली होती. आजी, झालं नाही. आजी, क्षमा करा. पण ओकबुन आजी काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिनं त्याच्या हातातून वाघ ओढलाच, ओट्यावर ठेवला, चुलीतला निखारा चिमट्यानं आत सोडला, वर लाकडाची चिमूट टाकली आणि वाकडं मुंडकं जसं बसेल तसं बसवलं.

आधी डाव्या कानातून धूर आला.

मग जबड्यातून. मग मानेभोवतीनं, दाट. चिलमीतून नावापुरता, एक उसासा. आणि दारातून वाऱ्याची झुळूक आली तशी शेपटीखालच्या त्या नाजूक, कुणाला न दिसणाऱ्या भोकातूनही... फुस्स.

मानदोकने डोळे मिटून घेतले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

आजीचा काही आवाज येईना.

त्यानं एक डोळा उघडला. आजीनं पदरासारखं आपल्या झग्याचं टोक तोंडावर धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. रडते आहे बिचारी, असं त्याला वाटलं. तो पुढे झाला. तेवढ्यात आजीच्या तोंडावरचं कापड सुटलं आणि ती अशी हसली, की आतल्या खोलीतली भांडी वाजली.

“अगं बाई... हा तर तोच!”

“कोण, आजी?”

“आमचा म्हातारा! अस्साच ओढायचा मेला! पुढचे दात पडलेले. धूर नाकातून, मिशीतून, बाह्यांतून, चिलीम सोडून सगळीकडून. मी ओरडायची, अहो, घर पेटलंय की तुम्ही?”

हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचंही तिला भान नव्हतं. तिनं वाघाच्या वाकड्या मुंडक्यावरून हात फिरवला.

“आलात?” ती त्याला म्हणाली. “या. केवढा उशीर केलात...”

सुनिमांनी चावायचं थांबवलं. धूर आपला येत राहिला, जिथून जिथून यायचा तिथून.

मग आजी मानदोककडे वळली. तिची नजर पार बदलली होती. एखाद्या सिद्धपुरुषाकडे पाहावं तशी ती त्याच्याकडे पाहत होती.

“पोरा, तू त्याला कधी पाहिलं नाहीस. मी तुला काही सांगितलं नाही. मग तुला हे कळलं कसं रे?”

मानदोकने सुनिमांकडे पाहिलं.

सुनिमांनी कोपऱ्यातलं लोखंडी मडकं मांडीवर घेतलं होतं आणि ते फडक्यानं पुसत होते. त्यांचं इकडे लक्ष नव्हतं. निदान तसं दिसत तरी होतं.

तुझ्या मनातला वाघ आजींच्या मनात भरला, की...

एकच शब्द बोलायचा होता. ‘साधनेनं कळलं, आजी.’ एवढं म्हटलं, की झालं. आजी तर पाया पडायला तयार होती. खाडीकाठची भट्टी त्याच्या डोळ्यांसमोर आली. तिच्या तोंडाशी रचलेलं सरपण आलं, ते रचताना कमरेवर हात ठेवून उभी राहणारी आई आली. मानदोकने तोंड उघडलं...

“नाही कळलं, आजी.”

“म्हणजे?”

“हा माझ्या मनातला वाघ नाही. माझ्या मनातला ताठ होता. हा भट्टीत कलला, झाकण वाकडं झालं, कान फुटला. मी तर तो तुम्हाला देणारसुद्धा नव्हतो.”

बोलून झालं. गेले निखारे. गेलं आईचं आणखी एक वर्ष. मान खाली घालून तो आपल्या मातीनं भरलेल्या नखांकडे बघत राहिला. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, तेही खरं.

“चुकून झाला?” आजीनं विचारलं.

“चुकून.”

आजीनं क्षणभर विचार केला.

“मग तर नक्की तोच. आमच्या म्हाताऱ्याचं सगळं चुकूनच व्हायचं. माझ्या बापाच्या घरीसुद्धा वाट चुकूनच शिरला होता. पाणी प्यायला बसला आणि लग्न ठरवून उठला.”

तिनं वाघ निवू दिला, कापडात गुंडाळला आणि डोंगर उतरू लागली. वळणापर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. ती गाठोड्याशी भांडत होती.

मानदोक उठला. पुढच्या भट्टीची लाकडं फोडायची होती. त्यानं कुऱ्हाड घेतली, दोन लाकडं फोडली आणि तिसरं उचलताना त्याच्या पायापाशी काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

लोखंडी मडकं. आत राख, आणि राखेखाली लालभडक निखारे.

“घे,” सुनिम म्हणाले.

“पण सुनिम... तो माझ्या मनातला वाघ नव्हता.”

“माझ्या मनातला तर आजवर एकही निघाला नाही.”

मानदोकच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली. त्यानं जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला आणि बराच वेळ तसाच राहिला. सुनिमांनी त्याला पायानं हळूच ढोसलं.

“ऊठ. विझतील.”

त्यानं मडकं उचललं. ऊब पोटाला लागत होती. आई काय म्हणेल, आधी रडेल की आधी जेवायला वाढेल, याचा विचार करत तो वाटेला लागला. थोडा उतरला आणि एकदम थबकून मागे फिरला. चेहऱ्यावर पुन्हा काळजी.

“सुनिम!”

“आता काय?”

“उद्या माझ्याकडे आजीसारखं कुणी आलं तर? त्यालाही असाच वाघ हवा असला तर? झाकण नेमकं असंच वाकडं व्हायला हवं असेल... तर मी काय करू?”

सुनिमांनी उरलेलं पर्सिमन तोंडात टाकलं. सावकाश चावलं... गिळलं...

“जीव ओतून सरळ बसव.”